आईला लायन्स मेन, रेशी, अश्वगंधा चालेल का? वॉरफरिन आणि थायरॉईडची गोळी सुरू आहे

पाऊलवाट

आईचं वय ६७. तीन वर्षांपूर्वी हृदयाचे ठोके अनियमित पडतात असं निदान झालं, तेव्हापासून वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, सुरू आहे. दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) तपासतो, तो दोन ते अडीचच्या मध्ये राहतो. शिवाय थायरॉईडची ७५ची गोळी आणि बीपीच्या दोन गोळ्या, त्यातली एक लघवीवाटे पाणी काढणारी.

गेल्या वर्षभरात ती विसरायला लागली आहे. सकाळी बोललेलं दुपारी आठवत नाही. परवा माझ्या मुलीला तिने तीनदा माझ्या नावाने हाक मारली, आणि लक्षात आल्यावर स्वतःच गप्प बसून राहिली. मला ते बघवलं नाही. धाकटा भाऊ या विषयावर खूप वाचतो. त्याने तीन डब्या मागवल्या: मेंदूसाठी लायन्स मेन नावाचं मशरूम, झोप आणि प्रतिकारशक्तीसाठी रेशी, तेही मशरूमच, थकव्यासाठी अश्वगंधेचा अर्क. अजून एकही उघडलेली नाही. मीच अडवून धरलंय आणि त्यावरून आमच्यात कुरबुर चालू आहे.

मशरूमने खरंच स्मरणशक्तीला फायदा होतो का? रेशीने रक्त पातळ होतं असं वाचलं, ते खरं का? अश्वगंधेची मला तेवढी भीती नाही, ते माहितीतलं मूळ आहे. पण मशरूम म्हटलं की पोटात गोळा येतो.

बाकी आई वेगळं काही घेत नाही. कोरडा खोकला आणि जळजळ यासाठी ज्येष्ठमधाचा काढा घेते, दिवसातून दोनदा चमचाभर पूड उकळून. अडीच महिने झाले, तिला त्याने बरं वाटतं. मध्ये बीपी १६४/९२ निघालं म्हणून डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. संध्याकाळी पाय सुजतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. वयामुळे असेल.

खलबत्ता

ताई, मशरूमचं नंतर बघू. काढा आजपासून बंद करा. उद्या सकाळी सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या, त्याच फेरीत ईसीजीही करा. छातीत धडधड वाढली, घेरी आली किंवा पायांतलं बळ गेल्यासारखं वाटलं तर उद्याची वाट बघू नका, लगेच इमर्जन्सीला न्या.

मी एकोणीस वर्षं रुग्णालयाच्या फार्मसीत काम करतो. तुम्ही तीन डब्यांबद्दल विचारलंत, पण माझं लक्ष शेवटच्या परिच्छेदावर अडकलं. बीपी वाढलं, पाय सुजले, पोटऱ्यांत गोळे आले, आणि हे सगळं अडीच महिन्यांत. ज्येष्ठमधाचं हे ठरलेलं चित्र आहे.

त्याचं कारण असं. ज्येष्ठमधाला जी गोडी असते ती ग्लिसिरायझिनची. शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक भरपूर असतं. मूत्रपिंडात एक विकर (एन्झाइम) त्याला निष्क्रिय करत राहतं, म्हणून ते तिथे गडबड करत नाही. ग्लिसिरायझिनपासून आतड्यात जो पदार्थ तयार होतो तो या विकरालाच अडवतो. मग कॉर्टिसॉल मूत्रपिंडाला ‘मीठ धरून ठेव, पोटॅशियम सोडून दे’ असा हुकूम देत सुटतं. मीठ साठलं की पाणी साठतं, पाय सुजतात, दाब वाढतो. पोटॅशियम गेलं की स्नायू दुखतात, आणि हृदय हाही स्नायूच आहे. आईंच्या हृदयाचे ठोके आधीच अनियमित, त्यात पाणी काढणारी गोळीसुद्धा बहुधा पोटॅशियम बाहेर टाकते. म्हणजे एकाच दिशेने दोघांनी ढकलायचं.

युरोपातल्या तज्ज्ञ समितीने ग्लिसिरायझिनची मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम सांगितली आहे. आता आईंचा हिशोब करा. दोन चमचे पूड म्हणजे पाचेक ग्रॅम. त्या मुळीत चार टक्के ग्लिसिरायझिन धरलं तर २०० मिलिग्रॅम. सगळं पाण्यात उतरलं नाही असं मानलं तरी अंगावर येण्याइतकं होतं. २०२४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी १८ ते ३० वयाच्या २८ निरोगी माणसांना दोन आठवडे रोज १०० मिलिग्रॅम दिलं, तर वरचा दाब सरासरी तीन अंकांनी चढला. तीही धडधाकट तरुण माणसं, कुठलीही गोळी सुरू नसलेली.

घसा बसला म्हणून दोन दिवस काडी चघळली तर निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. रोज, महिनोन् महिने, बीपीच्या गोळ्यांसोबत घेणं हे वेगळं आहे. जळजळीसाठी घ्यायचंच असेल तर ग्लिसिरायझिन काढून टाकलेलं ज्येष्ठमधही मिळतं. पण आईंसाठी ते आत्ता नकोच.

आणखी एक. इतके दिवस खोकला आणि जळजळ आहे हे डॉक्टरांना सांगितलंय का? बीपीच्या काही गोळ्यांनीच, ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येतं, कोरडा खोकला होतो. गोळीचं नाव बघून मला सांगा.

निळीशाई

पाऊलवाट ताई, ‘अश्वगंधेची तेवढी भीती नाही’ हे वाचून लिहायला बसले. मलाही नव्हती.

मी ४१ वर्षांची, शाळेत शिकवते. झोप तुटक होत होती म्हणून अश्वगंधेच्या अर्काची ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ घ्यायला लागले. पहिले तीन-चार आठवडे खरोखर छान गेले, ते नाकारणार नाही. झोप लागायची, चिडचिड कमी झाली. पाचव्या आठवड्यात तळहातांना खाज सुटली. पुरळ नाही, लाली नाही, नुसती आतून खाज. रात्री मी तळपाय ओल्या फरशीवर टेकवून बसायचे. लघवी गडद झाली तर वाटलं पाणी कमी पितेय. शेवटी वर्गातली एक मुलगी म्हणाली, ‘बाई, तुमचे डोळे पिवळे दिसतात.’

काविळीत वाढणारं बिलिरुबिन ९ निघालं. काविळीच्या सगळ्या विषाणूंच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, सगळं ठीक. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, ‘कुठली औषधं चालू आहेत?’ मी दोन्ही वेळा ‘काही नाही’ म्हटलं. खोटं बोलायचं नव्हतं, पण अश्वगंधा माझ्या मनात औषधांच्या खान्यात नव्हतीच. तिसऱ्या वेळी त्यांनी ‘पावडर, कॅप्सूल, काढा, काहीही’ असं विचारलं तेव्हा सांगितलं. बंद केल्यावर खाज जायला पाच आठवडे आणि रिपोर्ट पूर्ण नॉर्मल व्हायला तीन महिने लागले.

अशा केसेस आइसलँड, अमेरिका आणि भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत, आणि त्यांतही बहुतेक हेच दिसतं: दोन ते बारा आठवड्यांत कावीळ आणि भयंकर खाज, बंद केल्यावर हळूहळू बरं होणं. ज्यांचं यकृत आधीच खराब होतं त्यांच्यातले काही वाचले नाहीत. हे सगळ्यांना होत नाही, घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना होतं. पण आपण त्या थोड्यांत आहोत की नाही हे आधी कळायची सोय नाही.

सरळरेघ

हे सगळंच थोतांड आहे. मशरूम काय आणि मुळं काय, मनाचं समाधान. तिन्ही डब्या फेकून द्या.

खलबत्ता

सरळरेघ, तुमचा राग कळतो, पण ‘समाधान’ असतं तर आईंचे पाय सुजले नसते आणि निळीशाई ताईंचे डोळे पिवळे झाले नसते. या गोष्टी काम करतात, म्हणूनच जपावं लागतं.

सर्पगंधेचं मूळ घ्या. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली उच्च रक्तदाबावर त्याचा गुण दाखवणारा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. १९५२ साली त्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि ते जगभर बीपीवर वापरलं गेलं. त्याच रिसर्पिनने काही रुग्णांना खोल नैराश्य येतं असं दिसलं, मात्रा कमी करावी लागली. एकाच मुळातून गुण आला आणि दोषही.

मशरूमचंही तसंच. टर्की टेल नावाच्या मशरूममधून काढलेलं पीएसके हे द्रव्य जपानमध्ये १९७७ साली कॅन्सरच्या उपचारांसोबत द्यायला मंजूर झालं, शिताकेमधलं लेंटिनान १९८५ साली. दोन्ही शुद्ध केलेली, मोजून दिलेली औषधं होती, आणि ती केमोथेरपीच्या जोडीला दिली गेली, तिच्याऐवजी नाही. दुकानातल्या कॅप्सूलला तो पुरावा चिकटवता येत नाही, हे मात्र तुमचं बरोबर आहे.

आता ताईंचे प्रश्न.

लायन्स मेन: जपानमध्ये एक छोटा अभ्यास झाला, २००९ साली छापला. ५० ते ८० वयाचे, सौम्य विस्मरण असलेले तीसेक लोक, रोज सुमारे तीन ग्रॅम पावडर, १६ आठवडे. घेणाऱ्यांचे चाचणीतले गुण वाढले, आणि बंद केल्यावर चार आठवड्यांत पुन्हा घसरले. आशा वाटावी असं आहे, पण तीस माणसांवरून मी कुणाच्या आईला सल्ला देणार नाही. वॉरफरिनसोबत तर आयएनआर जवळून बघितल्याशिवाय नाहीच.

रेशी: तुम्ही वाचलंत ते निराधार नाही. रेशीमधली काही द्रव्यं रक्तातल्या बिंबिकांना (प्लेटलेट्सना) एकमेकांना चिकटू देत नाहीत. वॉरफरिन दुसऱ्या वाटेने रक्त गोठणं लांबवतं. दोन्ही एकत्र आली तर आयएनआर अडीचच दिसेल आणि तरीही हिरड्यांतून रक्त येऊ शकेल, कारण आयएनआर बिंबिका मोजत नाही. आईंसाठी रेशी नको. पावडर रूपातल्या रेशीने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

अश्वगंधा: निळीशाई ताईंनी सांगितलंच. त्यात थायरॉईडची भर घाला. २०१८ साली एका चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम अर्क आठ आठवडे दिल्यावर थायरॉईड संप्रेरकं वाढली आणि टीएसएच, म्हणजे थायरॉईडला काम करायला सांगणारं संप्रेरक, खाली आलं. जे लोक ७५ची गोळी घेतातच, त्यांचं थायरॉईड यामुळे गरजेपेक्षा वर जाऊ शकतं, आणि वाढलेलं थायरॉईड अनियमित ठोक्यांना आमंत्रण देतं. आईंना अश्वगंधा अजिबात नको.

विसरण्याबद्दल माझा आग्रह आहे: आधी बी-१२ आणि टीएसएच बघा, ऐकू नीट येतं का ते तपासा, झोपेची किंवा ॲलर्जीची गोळी कुणी देत असेल तर तिचं नाव बघा. यातलं काही निघालं तर ते सुधारता येतं. मशरूमवर चार महिने घालवले तर ते चार महिने खऱ्या कारणाला मिळतात.

ओलावा

मी अळिंबी, म्हणजे मशरूम, पिकवतो, रेशी आणि लायन्स मेन दोन्ही. खलबत्तादादांनी माणसाच्या बाजूने सांगितलं, मी डबीच्या बाजूने सांगतो. तुमच्या भावाला हे नक्की वाचायला द्या.

डबीवर ‘फ्रूटिंग बॉडी’ लिहिलंय की ‘मायसेलियम’, ते आधी बघायचं. आपण ज्याला छत्री म्हणतो ती फळ. त्याच्याखाली पांढऱ्या धाग्यांचं जाळं असतं ते मायसेलियम. पुष्कळ उत्पादक हे जाळं तांदूळ किंवा ओट्सवर वाढवतात आणि मग दाण्यांसकट सगळं वाळवून दळतात. दाणे वेगळे काढताच येत नाहीत, कारण धागे त्यात रुजलेले असतात. मग कॅप्सूलमध्ये बराचसा पिष्टमय भागच जातो. लेबलवर ‘पॉलिसॅकराइड ४० टक्के’ वाचून भुलू नका, पिष्टही पॉलिसॅकराइडच असतं. बीटा-ग्लुकान, म्हणजे अळिंबीतलं पॉलिसॅकराइड, किती ते वेगळं लिहिलेलं हवं.

घरी बघायचं तर एक कॅप्सूल फोडून पाण्यात उकळा, गार करा आणि टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. पाणी काळंनिळं झालं तर त्यात पिष्ट भरपूर आहे. या चाचणीने गुण कळत नाही, फक्त दाणे कळतात. रेशीची आणखी सोपी खूण म्हणजे चव. खरी रेशी इतकी कडू असते की जिभेवरून दहा मिनिटं जात नाही. रेशीच्या कॅप्सूलमधली पूड गुळमट लागली की मला शंका येते.

दुसरं म्हणजे, अळिंबीच्या पेशींची भिंत कायटिनची असते, आपल्याला ती नीट पचत नाही. म्हणून गरम पाण्यात उकळून काढलेला अर्क आणि नुसती कच्ची भुकटी यात फरक पडतो. रेशीतली कडू द्रव्यं मात्र पाण्यात नीट उतरत नाहीत, त्यांना अल्कोहोल लागतं.

तिसरं, आणि हे मी प्रत्येकाला सांगतो. अळिंबी ज्यावर वाढते त्यातलं पुष्कळ काही शोषते, शिसं आणि कॅडमियमसुद्धा. त्या बॅचचा जड धातूंचा रिपोर्ट मागायचा, देत नसतील तर घ्यायचं नाही. रानातल्या कॉर्डिसेप्समध्ये, म्हणजे कीडाजडीत, आर्सेनिक मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त आढळलं म्हणून चीनच्या औषध प्रशासनाने २०१६ साली इशारा दिला होता. चागा नावाच्या बुरशीचं आणखी निराळं. त्यात ऑक्झलेट, म्हणजे मुतखडे करणारं द्रव्य, इतकं असतं की जपानमध्ये ७२ वर्षांच्या एका बाईंनी सहा महिने रोज चार-पाच चमचे भुकटी घेतली आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, मुतखडा होऊन गेला असेल, तर चागाला हातही लावू नये.

आणि कृपा करून कुणीही फोटो बघून रानातून काही तोडून आणू नका. मी रोज अळिंबीतच असतो, तरी रानातली उचलत नाही. विषारी अमानिटा खाल्ल्यावर सहसा सहा ते बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग एक दिवस बरं वाटतं, आणि त्याच दिवशी आत यकृत जात असतं. ते विष उकळून जात नाही, वाळवूनही जात नाही.

खलबत्ता

ओलावा, दाण्यांची गोष्ट मलाही इतकी नीट माहीत नव्हती. मुळांच्या पुडीबाबत एक जोडतो. १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळाच्या जागी चुकून दुसरंच गेलं, ॲरिस्टोलोकियाचं. चिनी भाषेत दोन्ही नावं जवळजवळ सारखी. शंभरहून जास्त बायकांची मूत्रपिंडं खराब झाली, अनेकींना नंतर मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. अख्खं मूळ निदान ओळखता येतं. दळल्यावर सगळ्यांचा रंग मातीचाच. म्हणून डबीवर वनस्पतीचं लॅटिन नाव, कुठला भाग आणि बॅच क्रमांक, हे तिन्ही नसेल तर मी पुढे वाचतच नाही.

पाऊलवाट

सहा दिवसांनी लिहितेय, क्षमा करा. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासलं, पोटॅशियम २.९, बरंच कमी. ईसीजीमध्येही बदल होता. दोन रात्री दाखल करून घेतलं, सलाईनमधून पोटॅशियम दिलं, आता सिरप सुरू आहे. डॉक्टरांना ज्येष्ठमधाचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आईला किती, कसं, कधीपासून ते सगळं विचारलं. आई सारखी म्हणत होती, ‘अहो, ते गोड असतं, औषध नाही.’

बीपीच्या गोळीचं नाव बघितलं, शेवटी ‘प्रिल’ आहे. खोकल्यासाठी म्हणून काढा सुरू केला, आणि खोकला त्या गोळीचा होता. डॉक्टर ती बदलून देणार आहेत. बी-१२ सुद्धा कमी, १३८ आलंय, इंजेक्शनं सुरू झाली.

भावाने आयोडीनची चाचणी केली. लायन्स मेनचं पाणी शाईसारखं झालं. तो बराच वेळ त्या ग्लासाकडे बघत बसला. माझं त्याच्यावर काही म्हणणं नाही, आईसाठी काहीतरी करावं असं त्याला वाटलं, आणि मी मात्र अडीच महिने रोज स्वतःच्या हाताने तो काढा उकळून दिला.

एक विचारायचं राहिलं. आईला आज सकाळी उठताना घेरी आली. बीपी १०४/६४ होतं. काढा बंद केलाय, मग आता हे काय?

खलबत्ता

काढ्यामुळे चढलेलं बीपी आता उतरायला लागलंय, पण त्यासाठी वाढवलेली गोळी तशीच चालू आहे. ज्येष्ठमधाचा परिणाम एकदम जात नाही, एक-दोन आठवड्यांत, कधी आणखी सावकाश ओसरतो, त्यामुळे आकडा अजूनही खाली येईल. आजच डॉक्टरांना फोन करून १०४/६४ आणि घेरी हे दोन्ही सांगा, वाढवलेली गोळी कमी करायची का ते तेच ठरवतील. स्वतः बंद करू नका. तोवर आईंना झोपेतून उठल्यावर पाच मिनिटं पलंगावर बसवूनच उभं करा. वॉरफरिनवर पडणं आणि डोक्याला मार लागणं ही मला सगळ्यात मोठी भीती वाटते.

सिरपचंही विचारून घ्या. काढा बंद झाल्यावर मूत्रपिंडं पोटॅशियम पुन्हा धरून ठेवायला लागतात, आणि ‘प्रिल’वाली गोळीही ते वाढवते. गेल्या आठवड्यात कमी होतं ते या आठवड्यात जास्त होऊ शकतं. पोटॅशियम आणि आयएनआर दोन्ही उद्या-परवाच तपासा, महिन्याच्या तारखेची वाट बघू नका. आकडे आले की इथे टाका, मी रात्री बघतो.